सरकारी आग विझवल्याबद्दल

काळेवाडी, सोमवार

तीर्थरूप आबाजीमामा,

साष्टांग नमस्कार. (समोर असतात तर खरोखरच आडवा पडलो असतो, इतके उपकार आहेत तुमचे.) छबूमामींचा गुडघा कसा आहे? गाय दूध देते का, की माझ्या आरडाओरड्यानं अजून बिथरलेलीच आहे?

मामा, कालचं डोक्यातून जात नाही. वणवा अडवायला वनखातं आधी स्वतःच गवताचा पट्टा पेटवून देतं, हे मला कुणी सांगितलं होतं का? जाळरेषा म्हणे! मी आपला चाकणच्या कंपनीतला फायर मार्शल. धूर दिसला की विचार करायचा नाही, हे आमच्या अंगात भिनवलेलं. तुमच्या गोठ्यामागच्या डोंगरावर जाळ दिसला आणि गाडीतला आग विझवायचा सिलिंडर (सुरक्षा सप्ताहातलं बक्षीस हो) घेऊन जो सुटलो! तो संपला, तेव्हा वनरक्षक विजयश्रीताईंनी आग आटोक्यात राहावी म्हणून भरून ठेवलेलं पिंप त्यांच्याच आगीवर उपडं केलं. वर चार वनमजुरांना आणि तुम्हालाही हाकलत आंब्याखाली 'असेंब्ली पॉइंट'ला उभं केलं नि डोकी मोजली. एक जास्त भरलं, तो तुमचा बैल निघाला.

ताई तापल्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. गवत भिजलं, रेषा अर्धवट राहिली, तीही नेमकी तुमच्या गोठ्यासमोर. उन्हाळ्यात वणवा उतरला तर तिथूनच आत शिरणार. तेवढ्यात तुम्ही पुढं झालात, "पोराचा काय दोष न्हाई. जाळ गोठ्याकडं वळला वाटलं, मीच म्हनलो इझव." मामा, वीस वर्षं जाळरेषेला कोयता घेऊन जाणारा माणूस तुम्ही! तरी पोरीच्या वयाच्या बाईची बोलणी अर्धा तास मुकाट खाल्लीत, माझ्यासाठी. सख्ख्या बापानं एवढं केलं नसतं. (त्यांनी आधी कानफटात दिली असती.) परत येताना गाडी दोनदा बाजूला घेऊन डोळे पुसले.

तुमचा भाचा,
सार्थक

ता. क. आज ताईंना फोन करून खरं सांगून टाकलं. म्हणाल्या, तुझ्या मामांना खोटं बोलता येत नाही, मला तेव्हाच कळलं होतं. येत्या रविवारी उरलेली रेषा जाळायची आणि काडी मी लावायची, हीच माझी शिक्षा.

आणखी एक ता. क. आमच्या ड्रिलमध्ये आग नसते हो मामा. लाल फडकं हलवतात, आम्ही ते विझवतो. सहा वर्षांत खरी आग काल पहिल्यांदा पाहिली, तीही डोळे मिटून. काडी मी ओढीन, तुमच्या गोठ्यासाठी ओढीनच. फक्त तुम्ही माझा दंड घट्ट धरून उभे राहा. आणि मामींनी विचारलंच तर सांगा, धूर गेला डोळ्यांत.