पाचव्या खुर्चीचं कव्हर

३ ऑगस्ट ८६, रविवार
दहिसरला प्रकाशकडे जाऊन आलो. त्याचा मोठा भाऊ, आमचा विलासदादा, जाऊन दोन वर्षं झाली. काकूंनी, म्हणजे त्यांच्या आईनं, दादाच्या सगळ्या एल.पी. रेकॉर्डी रद्दीत दिल्या, प्र.ला न विचारता. कपाटामागे पडलेली एकच वाचली, कव्हरवर पाच खुर्च्या असलेली. तीच मागून आणली. मंडळाला यंदा गणपतीच्या मागे समुद्राचा देखावा हवाय.
"ने, पण जप रे. दादाचं घरात एवढंच उरलंय."
"वेडा आहेस का? माझ्याकडे असताना कसली काळजी?"

५ ऑगस्ट
कव्हर समोर ठेवून बसलो. ओहोटीची वाळू, पाच खुर्च्या. चौघे बसलेत, पाचवीवर नुसता कोट. दादा सांगायचा, बँडमधला एक जण अपघातात गेला, त्याची ती खुर्ची. मागच्या बाजूला भरती आलेली, चौघे उठून गेलेत, कोटाची खुर्ची पाण्यात तशीच. "बघा, जो गेला तोच बसून राहिला." दर वेळी नव्यानं सांगायचा. त्याच्याकडे आम्ही गाणी कमी ऐकली, कव्हरं जास्त वाचली. इतकं सगळं त्याला कुठून कळायचं? रद्दीवाल्याकडची परदेशी मासिकं. खरं-खोटं त्यालाच ठाऊक.

९ ऑगस्ट, शनि.
वाट लागली. बोर्ड रंगवताना आम्ही पेंटर छोट्या चित्रावर चौकटी आखतो, तेवढ्याच चौकटी मोठ्या मापात कापडावर. एकेक भरत गेलं की चित्र मोठं होतं. बारा वर्षं हेच करतोय. पट्टी घेतली, बॉलपेन घेतलं आणि दादाच्या कव्हरवर उभ्या-आडव्या रेघा मारून मोकळा झालो. कडेला आकडे घातले. उलटून मागच्या बाजूलाही. मग कळलं.
वर ट्रेसिंग पेपर लावायचा असतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

१० ऑगस्ट
खोडरबर. मग ब्लेड. रेघ जात नाही, चित्रच खरवडतं. थांबलो. प्र.ला आजच्या आज सांगायला हवं.

१७ ऑगस्ट
नाही सांगितलं.

२४ ऑगस्ट, रवि.
देखावा झकास उतरतोय, हीच पंचाईत. मंडळाचे सेक्रेटरी सावंतकाका बघायला आले. "ही खुर्ची रिकामी कित्याक ठेवलंस? गणपतीक थंयच बसवया." दादाची गोष्ट सांगायला तोंड उघडलं, पण गेलेल्या माणसाची खुर्ची म्हटलं असतं तर काकांनी अख्खं कापड उतरवायला लावलं असतं. म्हणालो, "बाप्पासाठीच तर ठेवलीय, काका." किती सहज निघालं तोंडातून! काका खूश.
दुपारी कोट पुसून तिथे भरजरी शेला रंगवला. चौघांच्या हातात टाळ दिले.

७ सप्टें., रवि.
बाप्पा आले. घाटकोपरभरचे लोक बघायला येतायत. "कल्पना कशी सुचली हो?" "सुचली अशीच." दर वर्षी पहिली आरती प्र. आणि मी बरोबर करतो. यंदा त्याला निरोप धाडला नाही. लाज वाटते स्वतःची.

१० सप्टें.
प्र. आपणहूनच आला, काकूंना घेऊन. काकूंनी हात जोडले, म्हणाल्या, "सुंदर काढलंयस. विलासला आवडलं असतं." त्यांनी चित्र ओळखलंच नाही. प्र.नं मात्र पाचव्या खुर्चीकडे बोट केलं.
"कोट कुठाय?"
काका म्हणाले म्हणून, असं सांगितलं. सगळं काकांवर ढकललं.
"बरं. आलोच आहे तर कव्हर दे."
"वर्कशॉपात आहे रे, कुलूप लागलंय." ते माझ्या घरी ट्रंकेत होतं. बाप्पासमोर उभं राहून बोललो हे.

१८ सप्टें.
काल विसर्जन झालं. आज दहिसरला जाऊन कव्हर प्र.च्या हातात दिलं, सगळं सांगितलं. हात सवयीनं चालला वगैरे बडबडत होतो.
"सवय होती ते कळलं रे. महिनाभर गप्प का बसलास?"
त्यानं रेकॉर्ड काढून वर्तमानपत्रात गुंडाळली, कव्हर माझ्याकडे सरकवलं. "हे तूच ठेव. मला बघवणार नाही." काकूंनी चहा टाकला होता. थांबलो नाही.

२१ सप्टें., रवि.
जाड पुठ्ठ्याचं नवं कव्हर केलं, त्याच मापाचं. कोरं. त्यावर कोटवाली खुर्ची काढणार होतो. मग वाटलं, पुन्हा मीच ठरवणार?

२८ सप्टें., रवि.
कोरं कव्हर घेऊन गेलो. प्र. घरात होता, बाहेर आला नाही. काकूंनी दारातच घेतलं, उलटसुलट पाहिलं.
"काहीच काढलं नाहीस?"
"तो म्हणेल तेव्हा काढीन."
काकूंनी दार ओढून घेतलं, जिन्यापर्यंत माझ्याबरोबर आल्या. "मी त्या रेकॉर्डी दिल्या ना, तेव्हा माझ्याशीही बोलत नव्हता."
"मग?"
"मग काय? एक दिवस आपणहून चहा मागितला."
"किती दिवसांनी?"
"सहा महिन्यांनी."
घरी येऊन कॅलेंडर पाहिलं. आता सहा महिने म्हणजे मार्च उजाडेल. काकू तर आई होत्या.