चित्र अडकलं नव्हतं

प्रिय भोंग्या,

फोन केला तर दोन मिनिटांत तू मला हसवशील आणि विषय तिथेच राहील. समोर बसून बोलायला गेले तर मला रडू येईल. म्हणून पत्र. फाटकावरचे पहारेकरी काका तू आत शिरायच्या आधी ते तुझ्या हातात देतील. भोंग्या म्हटलं म्हणून तोंड वाकडं करू नकोस. पाळण्यात असताना ज्याने अख्ख्या गल्लीची झोप मोडली, त्याला दुसरं काय म्हणायचं? पण हे वाचून होईपर्यंत फोर्कलिफ्टवर बसू नकोस. गंमत करत नाहीये. मी फार घाबरलेय.

तुमच्या शीतगोदामात मी नेमकं काय करते, ते तू कधी धड ऐकून घेतलं नाहीस. ताईला टीव्ही बघायचा पगार मिळतो, असं सगळ्यांना सांगत सुटलास. तर ऐक. तुमच्या प्रत्येक फोर्कलिफ्टवर आम्ही चालकाच्या समोर एक छोटा कॅमेरा बसवलाय. त्याचं चित्र आमचं सॉफ्टवेअर बघत असतं. डोळे मिटले, मान कलली, नजर एका जागी खिळली, की ते नोंद करतं. ती नोंद देखरेख यंत्रणेला, म्हणजे तुमच्या सुरक्षा कार्यालयातल्या त्या मोठ्या पडद्यावर, पोचवायची हे माझं काम. कुठे पाठवायची, कशी पाठवायची, नजर किती वेळ हलली नाही की 'थांबला' म्हणायचं, ते सगळं मी भरायचं. सध्या चाचणी चालू आहे, त्यामुळे नोंदी फक्त माझ्या टेबलावर येतात. सोमवारपासून त्या खाली सुरक्षा कार्यालयातही दिसू लागतील.

तुझ्या गाडीच्या नोंदी पहिल्यापासून विचित्र होत्या. सारखं आपलं 'थांबला', 'थांबला'. उघडून बघावं तर तू सुकाणूवर हात ठेवून, डोळे उघडे, जसाच्या तसा. मला वाटलं चित्र अडकतंय. नेटवर्कवाल्याशी भांडले, त्याला शिडीवर चढवून केबल बदलायला लावली, तो बिचारा थंडीत कुडकुडून माझ्या नावाने खडे फोडत उतरला. तरी तेच. काल पुन्हा बघत होते, तेव्हा तुझ्या मागे दाराच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या हलताना दिसल्या. एक हमाल खोकं घेऊन त्यातून आला आणि पलीकडे गेला. चित्र अडकलं नव्हतं. तू थांबला होतास. मग तू ओठ चाटलेस, डोळे मिचकावलेस आणि काही झालंच नाही अशा थाटात गाडी पुढे काढलीस. एकदा तर थप्पी वर उचललेली होती आणि तो हमाल अगदी पुढ्यात उभा होता. त्याने टाळ्या वाजवून तुला जागं केलं आणि हसला. तूही हसलास. ते हसणं माझ्या ओळखीचं होतं.

कारण असं आपणही हसायचो. दूध उतू जातंय आणि आई हातात चिमटा धरून भिंतीकडे बघत उभी. आईची समाधी लागली, म्हणायचो आपण. तू तिच्या डोळ्यांपुढे बोटं नाचवायचास, मी हसून लोळायचे, आणि बाबा म्हणायचे की ती देवाशी बोलतेय, मध्ये तोंड घालू नका. शेवटी ती रस्ता ओलांडताना गेली. तो गाडीवाला परोपरीने सांगत होता की बाई मधोमध येऊन उभ्या राहिल्या, हॉर्न देऊनही हलल्या नाहीत. आपण त्याला खोटारडा म्हटलं, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काल त्या पडद्यासमोर बसून मला पहिल्यांदा वाटलं की तो खरं बोलत होता.

आता माझी अडचण बघ. 'थांबला' कधी म्हणायचं तो आकडा माझ्या हातात आहे. जरासा वाढवला, तर तुझी एकही नोंद खाली जाणार नाही, कुणाला पत्ता लागणार नाही. खोटं कशाला बोलू, काल माझं बोट त्या बटणावर होतं. तुझ्या बायकोचे दिवस भरत आलेत, आणि या घडीला तुझं काम गेलं तर काय, हेच डोक्यात घोळत होतं. पण तो हमाल दिसत राहिला. आकडा मी होता तसाच ठेवलाय. सोमवारी तुझ्या नावापुढे लाल खूण येईल. त्याआधी, आजच, तू स्वतः जाऊन साहेबांना सांग. ते तुला वजनकाट्यावर बसवतील की घरी, मला माहीत नाही. माझ्यावर चिड, बोलू नकोस, चालेल मला. गाडीवर मात्र चढू नकोस.

आणि एक. हे अजून तुझ्या भावजींनाही सांगितलेलं नाही. गाड्यांवर कॅमेरे चढवण्याआधी मी एक माझ्याच टेबलावर लावून बघितला होता, नोंद पोचते का ते तपासायला. बसल्या बसल्या नोंद पोचली. मी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या, ती पुसून टाकली आणि पुढच्या कामाला लागले. काल तुझं बघितल्यावर तोच कॅमेरा पुन्हा समोर ठेवला आणि दिवसभर काम केलं. घरी निघायच्या आधी उघडून बघितलं. चहाचा कप ओठांशी धरून मी बसलेय, डोळे उघडे, आणि मागे पंखा फिरतोय. मला त्यातलं काहीही आठवत नाही. तुझ्या भाचीला स्कूटरवर मागे बसवून मी रोज शाळेत सोडत होते रे. गाडीची किल्ली भावजींकडे दिलीय, पाठ दुखते म्हणून सांगितलंय. शनिवारी मेंदूच्या डॉक्टरांकडे आपल्या दोघांची वेळ घेतलीय. स्वतःसाठी तू यायचा नाहीस, ओळखून आहे मी तुला. माझ्यासाठी चल. मला एकटीने आत जायची भीती वाटते. आणि मला न्यायला गाडी घेऊन येऊ नकोस, आपण बसने जाऊ.

तुझीच,
ताई