कापूस हाय तोवर

गोकुळदादा,

तू गाढ झोपला होता, म्हणून लिहून ठेवलं. मी आईसंगं मोताळ्याच्या बजारले चालली. भाकरी टोपल्यात हाय.

तू दोस्ताकडून आणलेले गिटारचे दोन्ही ट्यूब अ‍ॅम्प मी काल कापसाच्या खोलीत लावून पाह्यले. मोठा वापस दे. जोरात केल्याबिगर त्याचा सूर खुलतच नाही, अन् जोरात केलं की गोठ्यातली म्हैस दावं तोडते. लहाना, पाच वॅटचा ठेव. त्याच्या काचेच्या ट्यूबा हळूहळू शेंदरी होतात, अन् लहान आवाजातच गिटार कोणी झोपेत गुणगुणल्यावानी वाजते. औंदा बोंडअळीनं खोली निम्मीच भरली, तरी कापूस आवाज घुमू देत नाही. तू तिथं गाण्याचं रेकॉर्डिंग करतं, त्यात तुह्या बोटाची सरक बी आयकू येते. कापूस गेला की हेच खोली रिकाम्या हौदावानी घुमन.

भाव उतरून राह्यला तरी कापूस काऊन विकत नाही, म्हणून तू काल बाबावर लय ओरडला. आज सकाळी कापूस न्यायले गाडीवाला आल्ता. बाबानं त्याले तसाच वापस पाठवला. मले बी राग आला, मी जाऊन इचारलं. बाबा त्या खोलीच्या दाराले टेकून बसला होता. मलेच म्हणे, "गोकुळचे गाणे अजून किती राह्यले?"

मी तीन सांगतले. गाडी आता सोमवारी येईन.

सुचिता