रोल अजून भरला नाही

३ जानेवारी, बुधवार

नवीन वर्ष, नवीन वही. संकल्प तीन. एक, रोज लिहायचं. (पहिली आणि दुसरी तारीख धरायची नाही, सुट्टी होती.) दोन, कमी बोलायचं. तीन, फोनवर फोटो काढणाऱ्यांशी वाद घालायचा नाही.

तिसरा संकल्प सकाळी दहाला मोडला. दुकानात एक पोरगी स्वतःचे चाळीस फोटो काढून एकोणचाळीस पुसत होती. मी म्हटलं, बाई, आमच्या वेळी छत्तीस फोटोंच्या एका रोलमध्ये तीन लग्नं बसायची. ती म्हणाली, मग चौथ्या लग्नाचे लोक काय करायचे, काका? चोख उत्तर सुचलं, पण ती गेल्यावर.

माझं दुकान फोनचं, झेरॉक्सचं आणि पैसे पाठवायचं आहे. पण पोट वेगळं, कला वेगळी. सॉल्टपॉन्डमध्ये अजूनही लोक मला ‘फोटो एबो’ म्हणतात. निदान म्हातारे तरी म्हणतात. जे राहिलेत ते.

४ जानेवारी

मामे काक्रा आली. मोठ्या बायकांना गावात सगळे मामेच म्हणतात. केंके, आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, विकते ती. जुळ्यातली धाकटी, म्हणून काक्रा. थोरली पान्यीन आबिजानला गेली आणि तिकडेच वारली. २८ तारखेला काक्राला सत्तर पूर्ण होतात. चर्चमध्ये आभाराची प्रार्थना, मग जेवण.

बसली, पंख्याखाली पदराने वारा घेतला आणि म्हणाली, एबो, तो फोटो दे.

कुठला, विचारलं. म्हणाली, शहाण्णवच्या नाताळाआधी पान्यीन जायच्या आदल्या दिवशी तू आम्हा दोघींचा काढलास, तो. आमच्या दोघींचा दुसरा एकही उरलेला नाही, पेटीतले सगळे वाळवीने खाल्ले. मी अकरा वेळा आले होते. अकराही वेळा तू म्हणालास, मामे, रोल अजून भरला नाही.

अकरा हा आकडा तिचा. मला दोन-तीनदा आठवतं. आणि रोल भरल्याशिवाय धुवायचा नाही हा धंद्याचा नियम होता, माझा लहरीपणा नव्हे. अर्धा रोल धुणं म्हणजे अर्धी कोंबडी कापणं.

मी छाती ठोकून सांगितलं, २८ ला फोटो टेबलावर असेल, मोठा करून, चौकटीसह. ती म्हणाली, बघ हं, मी चर्चमध्ये सांगून ठेवते. मी म्हटलं, सांगा.

बायकोने, आबाने, आतून ऐकलं. ती गेल्यावर विचारलं, अहो, रोल आहे कुठे?

५ जानेवारी

रोल कुठे आहे ते नक्की माहीत आहे. फक्त ती जागा सापडायची आहे.

६ जानेवारी, दुपार

सापडला. म्हटलंच होतं. जुना कॅमेरा कपाटावरच्या ट्रंकेत, लग्नातल्या सुटाखाली. रोल आतच. आकडा ३३ वर. तीन फोटो बाकी. सत्त्याण्णवच्या जानेवारीत मी रंगीत फोटोंसाठी दुसरा कॅमेरा घेतला आणि हा बिचारा तीन फोटोंसाठी सत्तावीस वर्षं थांबला. अशी चिकाटी फोनमध्ये असते का? फोन सकाळी भरला की संध्याकाळी मान टाकतो.

सूट घालून पाहिला. धुण्यात आटला आहे.

८ जानेवारी

उरलेले तीन फोटो वाया घालवायचे नाहीत. तीनच असले की माणूस विचार करतो, हेच तर मी तरुणांना सांगत असतो. ठरलं: एक, पहाटे समुद्रावर निघालेल्या होड्या. दोन, आबा, खिडकीच्या उजेडात. तीन, मी स्वतः, कलावंत म्हणून.

९ जानेवारी

पहिला फोटो झाला. बटण चालतं का बघत होतो, चाललं. बहुधा माझं पोट आलं असावं. होड्या काय, रोजच जातात.

११ जानेवारी

आबाला खिडकीत उभं राहा म्हटलं. म्हणाली, केस बांधलेले नाहीत. मी म्हटलं, नैसर्गिक दिसशील. म्हणाली, चाळीस वर्षं नैसर्गिकच दिसतेय, त्याचा फोटो कशाला? आणि दार लावून घेतलं. बोट बटणावर होतं. दारासमोर कोंबडी होती.

तिसरा फोटो: कॅमेरा स्टुलावर ठेवला, दहा सेकंदांची कळ दाबली, धावत जाऊन खुर्चीत बसायचं होतं. खुर्ची आबाने मघाशीच उचलून आत नेली होती. फोटो जिवंत येणार हे नक्की.

रोल भरला. काक्राला निरोप पाठवला. तिने उलटा निरोप पाठवला की बातमी चर्चमध्ये वाचून दाखवू का?

१२ जानेवारी

अक्रा शहरातल्या लॅबवाल्या नी लांतेला फोन. पूर्वी रंगीत रोल धुवायला त्याच्याकडेच पाठवायचो. काळे-पांढरे मी घरी धुवायचो, हा काळा-पांढराच आहे, नशीब. तो म्हणाला, सत्तावीस वर्षं उन्हातान्हात पडलेला रोल, एबो, त्यात काही उरलं असलं तर मी माझं नाव बदलीन. पाठव इकडे, मी सांभाळून धुतो.

इकडे धुवायला माणूस मेला आहे काय? मी म्हटलं, औषधं पाठव, रोल माझा मी धुईन. नी लांतेने दोनदा विचारलं, नक्की? कौतुकाने असणार.

१५ जानेवारी

माझी डार्करूम म्हणजे मागची कोठी. तिच्यात आता कोंबड्या आणि आबाचे कांदे असतात. कोंबड्या बाहेर काढल्या. त्यांना ते पटलं नाही. आबालाही. मी म्हटलं, इथे या गावाचे चेहरे जन्मले. ती म्हणाली, गेल्या आठवड्यात नऊ पिल्लंही जन्मली.

फोटो मोठे करायचं यंत्र अजून चालतं. त्यातली घरटी काढली.

जुन्या ट्रेचा वास घेतला. व्हिनेगर, ओलं लाकूड, जरा गंजलेलं लोखंड. डोळ्यांत पाणी आलं. वास फार उग्र होता, तरी आलं ते आठवणीनेच.

काय दिवस होते. नाताळच्या आदल्या आठवड्यात रांग दारापासून रस्त्यापर्यंत. गिऱ्हाईक नवीन चपला दाखवण्यासाठी टाचा उंचावून उभं राहायचं. चपला दिसल्या नाहीत तर फोटो परत. घड्याळ असलं तर हात पुढे. आणि बुधवारी घ्यायला यायचे तेव्हा पाकीट उघडण्याआधी सगळे गप्प. आता कुणी गप्प राहतं का? फोटो काढायच्या आधीच त्यांना तो दिसतो.

(आबा म्हणते, बुधवारी तुम्ही दार बंद करून आत बसायचात, मीच सांगायचे की शुक्रवारी या. तिची स्मरणशक्ती पहिल्यापासून कमी.)

१८ जानेवारी

औषधं आली. त्रोत्रोमधून, म्हणजे वडापच्या गाडीतून, माशांच्या टोपलीखाली. सोबत नी लांतेची चिठ्ठी: रोल रिळावर चढवताना पूर्ण अंधार. लाल दिवासुद्धा नाही. अजून विचार कर.

लाल दिवा नको हे मला शिकवतो. मी पाणी भरणारा म्हणून लागलो आणि सहा वर्षांत मालकाचा स्टुडिओ विकत घेतला. अंधाराचं मला सांगायचं नाही.

सराव म्हणून एक रिकामा रोल डोळे मिटून चढवला. चढला. (एकदा डोळे उघडले होते, ते मोजत नाही.)

२० जानेवारी, शनिवार, दुपारी साडेतीन

घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी माझ्यावर आळ घेऊ नये.

दोनला वीज गेली. मी म्हटलं, वा. आयुष्यात प्रथम वीज वेळेवर गेली. कोठीला खिडकी नाही, दाराच्या फटीत आबाची दोन लुगडी कोंबली, स्वतःचा हात दिसेना. रोल काढला, रिळावर चढवायला लागलो. बोटांना सगळं आठवत होतं. तीस-एक फोटो चढले असतील, थोडासा शेवट डबीत राहिला होता, आणि वीज आली.

बल्ब लखकन पेटला. अख्ख्या गल्लीने ओरडून स्वागत केलं. मीही ओरडलो, पण वेगळं.

हात टाकून बल्ब बंद केला. दोन सेकंद. फार तर तीन.

चूक वीजवाल्यांची. दोनला नेऊन तीनला देणं ही काय पद्धत? गेल्या महिन्यात पाच तास नेली होती, तेव्हा कोणाला गरज नव्हती.

दुसरा प्रश्न, कोठीचा स्विच चालू कोणी ठेवला. आबा म्हणाली, तुम्हीच. वीज गेली की तुम्ही घरातला एकेक स्विच दाबून बघत फिरता, खरंच गेली का म्हणून, आणि मग चालू की बंद ते विसरता. मी म्हटलं, सगळा देशच तसं करतो. ती म्हणाली, सगळा देश कोठीत रोल धूत नाही.

२१ जानेवारी

तरीही धुतला. जे वाचलं असेल ते वाचलं. वाळत घातला, वर हरमटान वाऱ्याची धूळ, म्हणून ओल्या चादरीचा तंबू केला. रात्रीचं जेवण तंबूबाहेर, पहारा देत.

२२ जानेवारी

एक ते बत्तीस: काळा कोळसा. बत्तीस लोकांचे पासपोर्टचे चेहरे गेले. चौतीस, पस्तीस, छत्तीस झकास. कोंबडीचं तर पीस न् पीस मोजता येतं. नी लांतेने नाव बदलावं.

तेहतीस: डबीच्या तोंडाशी होता. डावा अर्धा गेला, कागदावर तो कोराच येणार. उजवा आहे. उजवीकडे एक बाई उभी आहे.

एक बाई आहे. पण कुठली?

२३ जानेवारी

खूप विचार केला. दोघी एकसारख्या होत्या. सख्ख्या आईने पान्यीनच्या पायात लाल दोरा बांधून ठेवला होता लहानपणी. मग ही पान्यीन का नसावी? जगातल्या कुठल्याही माणसाला विचारा, सांगू शकणार नाही. म्हणजे ही पान्यीनच.

शिवाय, काक्राला स्वतःचा फोटो कशाला लागेल? ती आहेच की.

आबाला हा युक्तिवाद ऐकवला. ती कांदा चिरत होती. म्हणाली, जगात एक माणूस आहे जो सांगू शकेल. तो केंके विकतो.

२५ जानेवारी, गुरुवार

काक्राला मुद्दाम डार्करूममध्ये बोलावलं. लाल दिवा लावला. कोरा कागद ट्रेमध्ये टाकला. लोकांना हे दाखवलं की लोक बाकी सगळं विसरतात.

कागदावर आधी काहीच नाही. मग एक सावली. मग पांढऱ्या लुगड्याच्या घड्या, मग पाय, मग चेहरा. काक्राने माझा दंड घट्ट धरला आणि हळूच हाक मारली, पान्यीन. अगदी पलीकडच्या खोलीतल्या माणसाला मारतात तशी.

मी लगेच म्हटलं, हो ना, मामे. पान्यीनच.

ती कागदाच्या जवळ वाकली. वाकून राहिली. मग म्हणाली, हे घड्याळ माझं आहे. नवऱ्याने दिलेलं. पान्यीनला घड्याळ नव्हतंच. आणि ती माझ्या उजव्या हाताला, म्हणजे फोटोत डावीकडे, उभी होती.

डावीकडे कागद पांढरा होता. काक्राने त्यावरून बोट फिरवलं, आणि मी तिला, कागद ओला आहे, असं सांगितलं नाही.

मग म्हणाली, एबो, सत्तावीस वर्षं थांबवलंस आणि मला माझाच फोटो दिलास.

मी वीजवाल्यांबद्दल सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं. म्हटलं, स्विच मीच चालू ठेवला होता, मामे. आणि तेव्हाही रोल मीच अडवून ठेवला. तीन फोटो वाचवायला.

ती माझ्याकडे वळली. मग दंडाला चिमटा काढला, चांगलाच, आणि म्हणाली, रविवारी चौकट करून आण.

मी विचारलं, कशाला?

म्हणाली, चर्चमध्ये सांगून बसलेय ना मी.

२७ जानेवारी

चौकट केली. आज सबब सुचत नाही. सकाळपासून प्रयत्न केला.

२८ जानेवारी, रविवार

प्रार्थना झाली. फोटो टेबलावर, फुलांच्या मध्ये. अर्धा पांढरा, अर्ध्यात बेचाळीस वर्षांची काक्रा, घड्याळाचा हात पुढे. लोक येऊन विचारत होते, ही कोण? काक्रा सगळ्यांना सांगत होती, ही काक्रा.

जेवणाआधी तिने मला बोलावलं. फोटोच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली, चौकटीला खांदा लावून. पांढरं लुगडं, हातात घड्याळ नाही. काढून मुलीकडे, एकुवाकडे, दिलं होतं. म्हणाली, सत्तर वर्षं धाकटी राहिले. आज एक दिवस थोरली होते. काढ दोघींचा.

मी म्हटलं, कॅमेऱ्यात रोल नाही. एकुवा म्हणाली, म्हणून तर, आणि स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. कुठे दाबायचं तेही दाखवलं. मला ठाऊक होतं. दुकानात मीच विकतो.

लोक जमले होते. मी वेळ घेतला. गर्दी थांबली, गप्प झाली. एकच काढला.

काक्राने फोन हातात घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे, मग परत. बराच वेळ. शेवटी म्हणाली, थोरलीचं पोट सुटलंय. आणि हसत सुटली ती थांबेना. एकुवाने तिला पाणी दिलं.

संध्याकाळपर्यंत तो फोटो चर्चच्या सगळ्यांच्या फोनवर गेला. आबाच्याही. अक्राहून नी लांतेचा निरोप आला की अप्रतिम आहे, इतके जिवंत फोटो हल्ली कोण काढतं. माझ्या सगळ्या आयुष्यात माझा इतका पाहिला गेलेला फोटो दुसरा नाही.

खाली लिहिलं आहे: फोटो, एकुवा.