दिंडीवरचा शिपाई

तोगरवाडी
ता. ११ जानेवारी १९५३

चि. महानंदास अण्णाचे आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. तूर बरी आली, म्हैस व्याली, तुझी वहिनी लिंगम्मा गुडघ्यांवर एरंडेल चोळत असते. हुमनाबादला तुझ्या जावांचे टोमणे थांबले असतील असं लिहिणार होतो, पण ते थांबणारे नाहीत हे मलाही ठाऊक आहे.

तुझं कार्ड मिळालं. साडेचार वर्षांत पहिलं, आणि त्यात एकच ओळ: ‘वेशीतल्या दगडावर ह्यांचं नाव येणार का?’ आजच्या यादीत तरी नाही. गावासाठी लढलेल्यांची अकरा नावं यादीत आहेत. माझं आहे, माणिकप्पाचं नाही. रझाकार आले तेव्हा तो गढीचा बुरूज सोडून पळाला आणि गावकुसाच्या मागच्या छोट्या दारात, दिंडीत, गोळी लागून पडला, असं गाव म्हणतं. गावचा जावई, तो आपल्या गावासाठी कशाला मरेल, एवढं बोलून सगळे मोकळे झालेत.

आणि हे अकरा वीर कोण, ते तरी ऐक. आपला आप्पाराव आहे. तो कुत्रं भुंकलं तरी कडी लावतो. त्या बुरुजावर पाच माणसं उभी राहिली तर सहाव्याला खाली पडावं लागेल, एवढी जागा. पण ज्याला विचारावं तो बुरुजावरच होता. अजून दोन वर्षं गेली की त्या दिवशी पाळण्यात असलेली पोरंही बुरुजावर चढतील. मी होतोच, ते तुला मागेच सांगितलं आहे.

यादी पक्की करायचं काम गुरुराज मास्तरांकडे आलं आहे. नव्या शाळेत इतिहास शिकवतात. चष्मा जाड, अंगावर मूठभर मांस नाही आणि बोलणं सगळं लढायांचं. हैद्राबादेत कुण्या इंग्रज साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यांनी शिशाचे शिपाई घेतले, एकेक बोटाएवढा. ते साहेब लोक म्हणे टेबलावर वाळू पसरून लढाई खेळतात. काडीनं मोजून शिपाई पुढे सरकवायचा, फासे टाकून कोण मेला ते ठरवायचं. मिशा पिकलेली माणसं हे करतात! ह्यांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं, कमाल आहे.

मास्तरांचं म्हणणं, आपल्या गावची लढाई तशीच मांडू. जो त्या दिवशी लढला, त्यानं आपला शिपाई आपल्या हातानं रंगवायचा आणि सर्वांसमोर आपण होतो त्या जागी ठेवायचा. जो मेला त्याचा शिपाई घरच्यांनी रंगवायचा. मग त्यावरून काय ती यादी ठरेल. तू ह्या गावात पाय ठेवणार नाहीस हे मीच सांगून टाकलं. म्हणून माणिकप्पाचा शिपाईही माझ्याकडे आला आहे.

त्या दिवशी त्याच्या अंगावर काय होतं, तेवढं कळव.

तुझा
गुरुशांतप्पा अण्णा


तोगरवाडी
ता. ८ फेब्रुवारी १९५३

चि. महानंदास अण्णाचे आशीर्वाद. पत्र पोचलं. त्याबद्दल खाली लिहितो. आधी इथला तमाशा सांगतो.

महिनाभर गावातले कर्ते पुरुष ओसरीवर बसून बाहुल्या रंगवताहेत. साहेबाच्या शिपायांना अस्वलासारख्या केसाळ टोप्या होत्या. त्या सोनाराकडून कानशीनं घासून घेतल्या आणि वर मेणाचे फेटे बसवले. शिसं तेलकट, त्यावर रंग धरत नाही. आधी राखेनं घासायचं, मग पांढरा हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग रंग. मास्तरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं की रंग पातळ घ्या, दोनदा द्या. पण ऐकेल ती तोगरवाडी कसली? बैलाची शिंगं रंगवावीत तसे सगळे थापत सुटले. दोघांच्या शिपायांचे हात कमरेला चिकटून गेले.

आप्पारावानं तर हद्द केली. पांढरा रंग विकत कशाला आणायचा म्हणून भिंतीचा चुना फासला. फेटा पिवळा हवा म्हणून त्यावर ओली हळद लावली. घटकाभरात फेटा लालभडक! घरात बायको रोज कुंकू लावते, ते कशाचं होतं हे ह्या गृहस्थाला साठ वर्षांत कळलं नाही. आणि चूक कबूल करेल तर तो आप्पाराव कसला. म्हणाला, ‘‘आता आठवायलंय बघा. त्या दिवशी माझा फेटा लालच होता.’’ मास्तरांनी ते वहीत लिहून घेतलं. आमचा इतिहास असा तयार होतो आहे.

माझा पहिला शिपाई बघून लिंगम्मा म्हणाली, ‘‘अगंबाई, ह्येला देवी निघाल्यात काय?’’ डोळे काढायला गेलो ते गालावर उतरले होते. खरवडला. दुसऱ्यांदा मिशी नाकात गेली. पुन्हा खरवडला. आता युक्ती सापडली आहे. शिपाई मेणानं दाणे काढलेल्या कणसाच्या बुरकुंडावर चिकटवायचा, म्हणजे हात लागत नाही. खारीच्या शेपटीच्या चार केसांचा कुंचला करायचा आणि श्वास सोडल्यावर, पुन्हा घेण्याआधी, रेघ ओढायची. मला हसू नकोस. पोरखेळच आहे, पण हात बसायला लागला की सोडवत नाही.

आता तुझ्या पत्राचं. निळ्या चौकटीचा सदरा, तूच शिवलेला, डाव्या कोपरावर ठिगळ, कळलं. सकाळी तू बायकांबरोबर खटकचिंचोळीला निघालीस तेव्हा त्यानं तो घातला होता, तेही कळलं. पण त्याखाली तू लिहिलंस: ‘अण्णा, तू बुरुजावर ह्यांच्या शेजारी होतास ना? मग कपडे मला कामून विचारायलास?’

धूर होता. गडबड होती. ठासणीची बंदूक भरताना शेजारच्याचा सदरा कोण बघतो?

तू लहानपणापासून खोचकच.

गुरुशांतप्पा


तोगरवाडी
ता. १७ मार्च १९५३

महानंदा,

काल शाळेत टेबल मांडलं. हे पत्र सलग वाच, मधे थांबू नकोस.

माणिकप्पाचा शिपाई चांगला झाला होता. सदऱ्याच्या चौकटी निघाल्या, ठिगळही निघालं. गळ्यातलं लिंग सुईच्या टोकानं चंदेरी केलं. माझ्या हातून काही नीट झालं असेल तर तेवढंच. तो रंगवताना तुझा प्रश्न रोज डोक्यात होता. चौकटी ओढत होतो आणि त्या दिवशी हा सदरा मी पाहिलाच नाही हे मलाच माहीत होतं.

मास्तरांनी वाळूत गढी, वेस, बोळ, घरं, सगळं नेमकं उभं केलं होतं. एकेकानं येऊन आपला शिपाई ठेवला. नऊजण बुरुजावर. जागा पुरेना, तर आप्पारावानं आपल्या लाल फेटेवाल्यासाठी दुसऱ्याचा ढकलला. मास्तरांनी चष्मा पुसला आणि शांतपणे विचारलं, ‘‘दिंडीवर कुणाची नेमणूक होती?’’

सगळ्यांना माहीत होतं, महानंदा. साडेचार वर्षं माहीत होतं. पण ‘तू कुठे होतास’ असं मला विचारलं असतं तर मीही त्यांना तेच विचारलं असतं, म्हणून कुणी कुणाला विचारलं नाही. ह्याला आम्ही गावची एकी म्हणतो.

आप्पाराव म्हणाला, ‘‘दिंडीचं काय घिऊन बसलाव मास्तर. माणिकप्पाला दिंडीभायेर ठिवा, पळायलाय तसा. फुडं चला.’’

मी माणिकप्पाला दिंडीत ठेवला, तोंड बाहेर करून. मग दिंडीला लागून आपलं घर होतं, त्याच्या अंगणात बोटानं वाळूत भोक पाडलं. माझा शिपाई त्यात डोक्यापर्यंत घातला आणि वर शाळेतला खडू आडवा ठेवला. म्हटलं, ‘‘हा मी. दिंडी माझ्याकडे होती. पहिला बार झाला आणि मी बंदूक टाकून ज्वारीच्या रिकाम्या पेवात उतरलो. गुडघ्यांमुळे मागे राहिलेल्या लिंगम्मानं वर फरशी ओढली. दिंडीवरून बार येईना, हे बुरुजावर फक्त एकाला कळलं. तो माझी जागा धरायला आला.’’

मग दोघांनी बुरुजावरचे आपले शिपाई गुपचूप उचलले आणि खिशात टाकले. आप्पाराव म्हणाला, ‘‘मला तवाच शंका आल्ती.’’ त्याचा लाल फेटेवाला अजून तिथेच आहे, आणि दगडावरही तो राहील. मी त्याच्यावर थुंकणार होतो, पण कोणत्या तोंडानं?

मास्तरांनी माझं नाव खोडलं आणि त्या जागी माणिकप्पाचं लिहिलं. सगळ्यात वर घेतलं. बसवजयंतीला दगड बसेल. जावांना सांग. गल्लीत सांग. कुणी विश्वास ठेवला नाही तर हे पत्र दाखव, त्यासाठीच सही पूर्ण करतो आहे.

टेबलावर एक गोष्ट बोललो नाही. ती फक्त तुझी आहे. पेवात वरचं काही ऐकू येत नाही असं सगळे म्हणतात. ऐकू येतं. तो अंगणातून धावत गेला तेव्हा त्यानं दोनदा हाक मारली, ‘‘अण्णा, बाहेर या, दोघं मिळून धरू.’’ रागानं नाही. शेतात बोलवावं तशी. फरशी आतून ढकलली असती तर सरकली असती. मी दोन्ही हातांनी ती धरून ठेवली होती.

गुरुशांतप्पा बसवंतप्पा, तोगरवाडी