बाबांचं "हं, म्हण"

दादा,

बाबांनी ध्वनिमुद्रित केलेली इथली जुनी गाणी तू कॉम्प्युटरवर साफ केलीस म्हणून तुझा सत्कार झाला म्हणे. अभिनंदन! त्यांचा स्टुडिओ आणि ती खटारा टेप-मशीनं मी सांभाळते, पण मला कोण विचारतं?

काल आईला तिचीच गाणी तुझ्या प्रतीवरून ऐकवली. मशीन सुरू केलं की बाबा "हं, म्हण" म्हणायचे, मगच ती गायची. ते तू खरखरीबरोबर कापून टाकलंस. आई सगळं ऐकून म्हणाली, "आवाज माझाच आहे गं. पण मला 'म्हण' म्हणालं कोण?"

मूळ टेप मागू नकोस, मिळणार नाहीत. हे पत्रही पाठवत नाही. यातलंही खटकेल तेवढं कापून चारचौघांत वाचून दाखवशील.

तुझी,
अजून खरखरणारी बहीण