बाई, तुम्ही दाराशी बसलात

बाई, तुमच्यानंतर तुमचा लेकही गेला, त्यालाही आता बराच काळ झाला. सावली गावातल्या या घरात मी एकटीच असते. अंगणात तांदूळ निवडताना तुमच्याशी बोलते, तर शेजारणीला वाटतं, म्हातारी गेलेल्या सासूशी बोलते, हिला भ्रम झाला. म्हणून आज म्हटलं, लिहूनच काढावं.

लग्न होऊन तुमच्या घरी आले तेव्हा तुमचा लेक बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात होता, सुट्टीला यायचा. माणूस वाईट नव्हता. पण तो जवळ आला की माझं अंग आपोआप आवळून यायचं, मांड्या थरथरायच्या, आत जणू भिंतच उभी राहायची. दुखायचं इतकं की मी पदर तोंडात कोंबायचे. मन तयार असायचं, अंग ऐकायचं नाही. त्याला वाटायचं, मला तोच नको आहे. तो पडवीत जाऊन झोपायचा आणि सुट्टी संपायच्या आधीच निघून जायचा. असं वर्ष उलटलं तेव्हा चुलतसासरे ओसरीवर बसून सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरीत खोट आहे. फारकत द्या अन् दुसरी पाहा."

दुसऱ्या दिवशी मी तलावाचे मासे साफ करत होते, तर तुम्ही शेजारी येऊन बसलात. "खोट जाऊ दे चुलीत. तुले काय होते, ते मले सांग." मी रडत रडत सांगितलं. तुम्ही माझ्या हातातला मासा घेऊन त्याचे खवले काढायला लागलात. मग म्हणालात, "मलेही असंच होये. मले कोणी इचारलं नाई. अन् तुहा सासरा काई थांबला नाई." बस, एवढंच. पुन्हा कधी त्यावर बोलला नाहीत आणि मीही विचारलं नाही.

आधी तुम्ही मला वरोऱ्याच्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे नेलंत. झोप लागते का, भीती कशाची वाटते, स्वप्नं कसली पडतात, असं ते मान खाली घालून विचारत होते. साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या दिल्या. माझं रडणं कमी झालं. ते गोळ्यांनी की कुणी विचारलं म्हणून, मला अजून ठरवता येत नाही. अंग मात्र तसंच राहिलं. त्यांनीच मग सांगितलं, चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना दाखवा.

डॉक्टरीणबाई तपासायला लागल्या आणि मी आक्रसले, तसा त्यांनी हात लगेच मागे घेतला. म्हणाल्या, "डोळ्याजवळ बोट आलं की पापणी मिटते ना? तसंच आहे हे. तिथले स्नायू भीतीनं आपोआप आवळतात. यात तुझा दोष नाही." मग त्यांनी शिकवलं: श्वास सोडत अंग सैल करायचं, तेल लावून आधी स्वतःचं बोट, मग त्यांनी दिलेली काचेची बारीक गुळगुळीत नळी, सवय झाली की थोडी जाड. दुखलं की थांबायचं. आणि नवऱ्यानं घाई करायची नाही.

हे नवऱ्याला सांगणार कोण? तुम्हीच सांगितलंत. आईनं लेकाला असलं काही सांगायचा तो काळ नव्हता. "तिच्या अंगाले धाक बसला आहे. तू जबरदस्ती करशील तं माह्या घरात येऊ नको." तो म्हणाला, "मले वाटलं, तिले मी आवडतच नाई." त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याची दया आली.

त्या दुपारी मला अजून दिसतात: कामं आटोपली की मी आतल्या खोलीत जाते. तुम्ही सूप घेऊन दाराशी बसता. कुणी आलं की तुमचा आवाज येतो, "सुनेच्या अंगात कसर आहे, झोपली." आत मी घाबरते, थांबते, पुन्हा श्वास सोडते. बाहेर सुपाची फडफड चालूच असते. असे महिने गेले. धान घरात आल्यावर तो सुट्टीला आला, तेव्हा दुखलं नाही. सकाळी तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंत आणि वाटीभर दूध पुढे सरकवलंत.

माझी लेक बसायला लागायच्या आधीच तुम्ही गेलात. चुलतसासरे तिच्या बारशाला जेवून गेले, कुणाला काही आठवत नव्हतं. तुमच्या लेकाशी संसार चांगला झाला, पण त्या दिवसांबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. ते सगळं तुम्हालाच ठाऊक होतं.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत. तुम्हाला तर अक्षरओळखही नव्हती. लेक नागपूरला ये म्हणते. मी सांगते, एकटं राहायला मला काही वाटत नाही. वाटतं, बाई. फार वाटतं.